रजेच्या अर्जावरची लाल रेघ

तक्रारदार : मी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय अर्जलेखन, अंधेरी पूर्वेला एका कचेरीबाहेर.
विरुद्ध : ज्यांच्या छपराखाली माझे टेबल आहे आणि ज्यांचे मसुदे मी लिहितो ते वकीलसाहेब, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान.
घटना : गेला सोमवार, सकाळी साडेअकरा.
साक्षीदार : चहावाल्या शेवंतामावशी आणि खोलीच्या कामासाठी आलेले साटमकाका.

वकीलसाहेबांनी माझा रजेचा अर्ज लोकांसमोर मोठ्याने वाचला. लाल पेन काढले. दुसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "साधा रजेचा अर्ज लिहिता येत नाही तुला, आणि वकील होणार?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

रजेचे कारण नमूद करतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा माझी शाळा नववीत सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी. आता कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा. दहा ते सहा टेबल सोडता येत नाही. अर्जदार झेरॉक्स काढायला गेला की तेवढ्या वेळात मी दोन प्रश्न सोडवतो. पुस्तक कोऱ्या कागदांखाली असते. इथे कोणाचा डोळा कुठे असेल, सांगता येत नाही.

पुस्तक साहेबांना कळले त्याच आठवड्यापासून तातडीचे मसुदे वाढले. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. योगायोग हा शब्द मी अर्जात लिहीत नाही. मग साहेब एकाएकी गोड झाले. "केबिनमध्ये बस, एसी आहे, निवांत वाच." गेलो. समोर तीन फायली मांडून ठेवलेल्या.

बातमी शेवंतामावशींनी फोडली, असा माझा संशय. आठवडाभर त्यांचा चहा बंद केला. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी कशाला सांगू रे? तुझं पुस्तक कागदाबाहेर हातभर येतं, आंधळ्यालाही दिसेल!" ती चूक माझी. मान्य.

तर सोमवारी लोक हसत असताना साटमकाका पुढे झाले. "शिकता तर शिकांदे मरे!" म्हणाले, आणि आपला अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. शनिवारी मीच लिहिलेला. दुसरा परिच्छेद तोच. तीच वाक्ये, फक्त रजेच्या जागी खोली. खाली साहेबांची सही. लाल रेघ कुठेही नाही.

अठरा वर्षे. आधी साहेबांच्या वडिलांच्या, मग साहेबांच्या सहीखाली माझी भाषा बरोबर होती. माझ्या सहीखाली ती चूक ठरली.

मी साहेबांच्या हातून माझा अर्ज काढून घेतला. "साहेब, आजपासून तुमचे मसुदे तुम्ही लिहा."

"टेबल उचलावं लागेल तुला."

"लेखी द्या."

सबब कळवतो की, येत्या शुक्रवारी मी परीक्षेला बसणार आहे. हा रजेचा अर्ज समजू नये. ही सूचना आहे. माझे टेबल हलवायचे असल्यास कारण सात दिवसांत लेखी द्यावे. उत्तर वकीलसाहेबांनी स्वतः लिहावे. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले मला ओळखता येते.