वन्संची एक रिंग

मी एकदा मिस्ड कॉल उचलला होता.

यात काय चुकलं ते आजच्या पोरांना कळायचं नाही, म्हणून सांगते. त्या काळी फोन करणाऱ्याचे मिनिटामिनिटाला पैसे कापले जायचे आणि नुसता वाजवून तोडला तर काहीच जायचं नाही. त्यामुळे ज्याच्या हातात मोबाईल तो दुसऱ्याला रिंग देऊन तोडत बसलेला असायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे कुकर लाव. घरोघरची भाषा वेगळी, पण नियम सगळीकडे तोच: वाजला की बघायचं आणि गप्प राहायचं. माझी नांदगावची नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, त्यांनी पहिला मोबाईल घेतला आणि पहिली रिंग मला दिली. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या हळदीकुंकवाची सर्वेसर्वा, स्वतःला भलती हुशार समजणारी बाई. हातातलं कणकेचं ताट टाकून धावले आणि फोन उचलला. नुसता उचलला असता तरी निभावलं असतं. पण मी शेजारच्या लग्नातला मठ्ठा कसा पाणचट होता इथून सुरुवात केली. वन्सं पलीकडून "बरं, बरं" म्हणत राहिल्या. त्यांना फोन तोडता येत नव्हता असं नाही, पण भावजय बोलत असताना मध्येच तोडणं त्यांच्या वळणात बसत नव्हतं. मी जिलबीपर्यंत आले आणि आवाज गेला. मला वाटलं रेंज गेली. जिलबीचं सांगायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा वाजेल या आशेनं मी फोन समोर ठेवून बसले. कणीक वाळली तरी बसले. तिकडे वन्संचा महिन्याचा बॅलन्स माझ्या मठ्ठ्यात बुडाला होता.

पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मला नियम समजावून सांगितले. सांगण्याची पद्धत फार गोड नव्हती. पण तेव्हापासून आजपर्यंत रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांची एक रिंग येते. तिचा अर्थ: उठले, हातपाय चालताहेत, आधण ठेवलंय. मग मी एक रिंग परत देते. तिचा अर्थ: मीसुद्धा. एवढंच. आमचे हे गेले, त्यांचे गेले, त्यांची लेक लग्न होऊन सुरतेला गेली. लेक बोलावते, पण तिकडच्या डाळीत साखर असते म्हणून वन्सं जात नाहीत. बाजारपेठेमागच्या घरात एकट्या राहतात. उद्या पडल्या-झडल्या तर कळणार कुणाला? मला, रिंग आली नाही की. हे आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. बोलायची गोष्टच नाही ती.

यंदा मुलानं माझ्यासाठी नवा फोन आणला. माझ्या जुन्याची बॅटरी फुगून मागचं झाकण दिवाळीतल्या करंजीसारखं वर आलं होतं. मी त्याला रबरबँड लावून वापरत होते. सूनबाई म्हणाली, आई, हा एक दिवस उशाशी फुटेल. ती अंबडला एका कंपनीत हिशेब बघते, त्यामुळे तिच्या बोलण्याला आमच्या घरात वजन आहे. दोघांनी मिळून बेत ठरवला होता: मी नवा फोन आठवडाभर वापरून बघायचा, पसंत पडला तर जुना दुकानात देऊन सूट घ्यायची, आणि माझा नंबर माझ्या चिमुकल्या रिचार्जमधून काढून घरातल्या सगळ्यांच्या मोठ्या प्लॅनमध्ये टाकायचा. त्यात बोलणं अमर्याद. नेट अमर्याद. मी विचारलं, आणि माझा नकार? सूनबाई नुसती हसली.

मला तो फोन आवडला, उगीच खोटं कशाला बोलू. अक्षरं चांगली तांदळाच्या पापडाएवढी करता यायची. कॅमेरा असा लबाड की माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विचारल्याशिवाय पुसून टाकायचा. मी अर्धा दिवस स्वतःचेच फोटो काढले. हीच ती बाई, जिनं घरात लँडलाइन आली तेव्हा तिच्यावर घालायला क्रोशाचं जाड झाकण विणलं आणि रिंग ऐकू येत नाही म्हणून टेलिफोन खात्याला शिव्या घातल्या. अशी बाई फोन निवडणार म्हटल्यावर मुलाला काळजी वाटणं साहजिक होतं.

सूनबाईचं म्हणणं पडलं की आता बोलणं फुकटच आहे, तर आत्यांशी रोज तासभर बोलत जा, रिंगा कसल्या देत बसता. तिला बिचारीला काय माहीत. वन्सं आणि मी इतकी वर्षं टिकलो ते बोलत नाही म्हणून. आमचं भांडणसुद्धा अहोजाहोत होतं, आणि अहोजाहोतलं भांडण लवकर मिटत नाही. रोज तासभर बोललो असतो तर आठवड्यात एकमेकींचं तोंड बघितलं नसतं. शेवटचं धड बोलणं पुतण्याच्या लग्नात झालं होतं. तिथं वन्संनी हौसेनं मांडे केले होते आणि मी पंगतीत माझ्या शेजारणीला म्हणाले होते की आमच्या नणंदेचे मांडे थंडीत अंगावर घेऊन झोपता येतात. शेजारीण इतकी हसली की चार पानं पलीकडे ऐकू गेलं असणार. वन्सं तेव्हा पाठमोऱ्या होत्या. पाठमोऱ्या बाईला काय ऐकू येतं आणि काय नाही, ते देवालाही सांगता येत नाही.

नव्या फोनात सिमकार्ड घातलं त्याच्या दुसऱ्या सकाळी वन्संची रिंग आली नाही.

मी चहा प्यायले. फोन उलटा-सुलटा करून बघितला. आवाज पूर्ण वर होता, सकाळी सकाळी गुडमॉर्निंगचे गुलाब धडाधड येत होते, म्हणजे फोन जिवंत होता. मग मांडे आठवले. म्हटलं, ऐकलं वाटतं. इतके दिवस मनात मुरवलं आणि आता काढलं. ही त्यांची जुनी रीत आहे, त्यांचा राग लोणच्यासारखा उशिरा तयार होतो. मीही ठरवलं, आपण काही आधी वाजवायचं नाही. पहिली रिंग त्यांची, परतीची माझी, हा रिवाज आहे. मी मोडला असता तर मांड्यांची कबुली दिल्यासारखं झालं असतं.

पुढच्या सकाळीही आली नाही. मी मुलाला सांगितलं की फोन मस्त आहे, आणि दिवसभर त्याच्याकडे बघितलंही नाही. मुलगा म्हणाला, दुकानदार जुना फोन उद्यापर्यंतच घेईल, ठरव काय ते. माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं. रुसलेली नणंद आणि न्हाणीघरात पडलेली नणंद, दोघीही सारख्याच गप्प असतात. हे मला तिसऱ्या सकाळी चहा गाळताना सुचलं आणि चहा ओट्यावर सांडला. सगळा ताठा गुंडाळून ठेवला आणि वन्संना फोन लावला. रिंग नाही, चांगला पूर्ण फोन. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

सुरतेच्या भाचीला लावावा असं वाटलं, पण तिला काय सांगणार, तुझी आई उचलत नाही? ती तिकडे रडायला बसली असती आणि मी इकडे. त्यापेक्षा गाडी जवळ. सूनबाईला सांगितलं, नांदगावला जाऊन येते. पर्स घेतली आणि रिक्षा करून नाशिकरोड गाठलं. गाडीत मनमाडपर्यंत मी मनातल्या मनात दोन भाषणं तयार केली. एक वन्सं जिवंत असतील तर, आणि एक नसतील तर. जिवंत असतील तर करायचं भाषण जास्त कडक होतं.

दुपारी पोचले तर वन्सं दारासमोरच्या ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत होत्या. मला बघून हात थांबला नाही.

"या," म्हणाल्या. "फोन करून कंटाळा आला म्हणून सोताच आलात का."

मी पर्स खाली टाकली. ओट्याच्या कडेलाच बसले आणि घोटलेलं भाषण विसरून म्हणाले, वन्सं, मला वाटलं तुम्ही गेलात.

"गेले असते तर आधी तुम्हालाच नसतं का कळवलं?"

वन्सं मूळच्या नाशिकच्या, आमच्याच घरातल्या, पण नांदगावात उभा जन्म काढल्यावर बोलण्याला तिकडचं वळण लागलं आहे. त्यांचं म्हणणं असं की त्या रोज सकाळी नेमानं वाजवत होत्या, आणि मीच परत देत नव्हते. लेकीनं सुरतेहून कळवलं होतं की मामींना नवा फोन आला. त्यावरून त्यांनी काढायचा तो अर्थ काढला. मग मी पूर्ण फोन लावला तेव्हा का नाही उचलला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एवढा वेळ वाजतोय म्हणजे भांडायलाच केला असणार, आणि माझे हात लसणाचे होते.

मी म्हणाले, तुमची एकही रिंग आली नाही. त्या म्हणाल्या, खोटं बोलताय. मग त्यांनी हात पदराला पुसले, आपला बटणांचा फोन काढला आणि माझ्यासमोर माझा नंबर दाबला. त्यांच्या फोनमधून घंटी ऐकू येत होती. माझा माझ्या तळहातावर गुपचूप पडून होता. आम्ही दोघी त्याच्याकडे पारध्यासारख्या बघत बसलो. दिवासुद्धा लागला नाही त्याचा.

मी सूनबाईला लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात म्हणाली, आई, आत्यांचा नंबर नावानं सेव्ह आहे ना? मी म्हणाले, पाठ असलेल्या नंबराला नाव कशाला द्यायचं.  मग तिनं मला कुठं कुठं दाबायला सांगितलं आणि फोनच्या आतला एक वेगळाच कप्पा उघडला. त्यात वन्संचा नंबर होता, रोज सकाळचा, चहाच्या वेळचा, एकाखाली एक. आताचा समोर बसून केलेलासुद्धा. आणि प्रत्येकाच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं होतं: उपद्रवी कॉल असण्याची शक्यता.

सूनबाईनं समजावून सांगितलं. नाव नसलेल्या एखाद्या नंबरावरून रोज खूप जणांना एकच घंटी जाते आणि तोडली जाते, तर यंत्राला वाटतं हा कुणीतरी भामटा आहे. ते मग परस्पर त्याचा आवाज बंद करतं. आता वन्सं रिंग देतात ती काही मला एकटीलाच नाही. दूधवाल्याला एक रिंग म्हणजे आज अर्धाच लिटर, रिक्षावाल्याला दोन म्हणजे दवाखान्यात जायचंय, गिरणीवाल्याला एक म्हणजे दळण झालं का. सकाळभर वन्सं नांदगाव चालवत असतात, ते सगळं फुकटात. यंत्राला संशय येणारच.

"काय लिवलंय तिथं?" वन्संनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. आमच्या अख्ख्या घराण्याला जे त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती झाली नाही, ते या काचेच्या तुकड्यानं येऊन आठवडाही व्हायच्या आत लिहून ठेवलं होतं. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, लसणाची सालं मांडीवरून उडाली.

इथं थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण हसण्याच्या भरात मी म्हणाले, मला तर वाटलं तुम्ही त्या मांड्यांवरून रुसलात. त्या म्हणाल्या, कुठले मांडे? त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. मग काय, सगळं सांगावं लागलं. थंडी, अंगावर घेणं, शेजारीण, सगळं. वन्सं उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता. चहा आला, पण त्यात आलं नव्हतं. माझ्या चहातलं आलं काढून घेणं ही त्यांची सर्वात कडक शिक्षा. मी बिनआल्याचा चहा मुकाट्यानं प्यायले, आणि खरं सांगते, इतका बरा चहा मी त्या सबंध आठवड्यात प्यायले नव्हते.

सूनबाईनं फोनवर सांगितल्याप्रमाणे मी वन्संच्या नंबराला नाव दिलं. मग त्यांनी ओट्याच्या त्या टोकाला बसून एक रिंग दिली. या टोकाला माझा फोन खणखणीत वाजला. मी एक परत दिली. दोघींनी फोन खाली ठेवले. 

निघायची वेळ झाली. मुलाचा दुकानदार वाट बघत होता, जुना द्यायचा की नाही ते आज सांगायचं होतं. फुकटचं बोलणं मला नको होतंच, पण रबरबँड लावलेली ती करंजी उशाशी घेऊन किती दिवस झोपणार? आणि हा गधडा आता वाजायलाही लागला होता. तरी मनात कुठंतरी खुटखुट होती, उद्या याच्या डोक्यात आणखी काही आलं आणि वन्सं पुन्हा त्या कप्प्यात गेल्या तर? चपला घालता घालता मी त्यांनाच विचारलं, वन्सं, घेऊ का हा फोन? त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, पदरानं काच पुसली आणि परत दिला.

"घ्या की. फक्त काच जपा त्याची. तुमच्यामागं मलाच वापरायचा हाय तो."