टीटोंचा मोर्चा

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये कुणी चालत नाही. टीटो चालायचे, आणि तेही ऑगस्टच्या दमट उन्हात, रस्त्याच्या अगदी मधोमध. मागून गाडी आली की सावकाश बाजूला व्हायचे. "मोर्च्यात चालायची सवय लागली की फुटपाथवर करमत नाही," म्हणायचे.

त्यांच्या भाषेत टीटो म्हणजे काका. मनिलाहून आलेले हे निवृत्त नर्स माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे. मी नागपूरचा, इथे इंजिनिअर. पहिल्याच भेटीत त्यांनी व्हिनेगरमध्ये शिजवलेलं चिकन वाढलं आणि विचारलं, "लग्न?"

"सध्या काम फार आहे," मी नेहमीचं उत्तर दिलं.

ते हसले. "मीही बहिणीला हेच सांगायचो."

मनिलात हुकूमशहाविरुद्धच्या आंदोलनात ते विद्यार्थी म्हणून उतरले होते. सोबती म्हणायचे, आधी देश, तुमचं नंतर बघू. हुकूमशहा गेला, पण ते 'नंतर' काही उगवलं नाही. शेवटी समलिंगी मंडळींनी स्वतःचाच मोर्चा काढला. मूठभर माणसं, त्यातही निम्म्यांच्या तोंडावर मुखवटे. "मी लावला नव्हता," टीटो सांगायचे. "हॉस्पिटलमधली नोकरी गेली." मग अमेरिका, बहिणीकडे. तिची एकच अट होती: माझ्या मुलांसमोर त्यातलं काही बोलायचं नाही. मुलं मोठी होऊन पांगली, तरी टीटो बोलले नाहीत.

तिकडे मोर्च्यांनी मैदानं भरू लागली. टीटो फोनवर व्हिडिओ लावून त्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधत बसायचे. भेदभावाविरुद्धचा कायदा मात्र वर्षानुवर्षं संसदेत अडकलेला. "बिल अजून कमिटीतच आहे," ते म्हणायचे, "मी रिटायरसुद्धा झालो."

एकदा मी म्हणून टाकलं, "टीटो, मीही तुमच्यातलाच."

"ते कळलंय मला. आईला माहीत आहे?"

मी ताट पुढे सरकवलं. त्यांनी भात वाढला.

गेल्या वर्षी ते कायमचे परत गेले. मोर्च्यातले दोन म्हातारे मित्र तिकडे एकत्र राहत होते, त्यांनी बोलावून घेतलं. एअरपोर्टवर सोडायला मी एकटाच होतो.

"इथे सगळे चांगले वागले माझ्याशी," ते म्हणाले. "पण मला ओळखत कुणी नव्हतं. तू असा म्हातारा होऊ नकोस."

पार्किंगमध्ये गाडीत बसूनच मी आईला फोन लावला आणि सांगितलं.

"तिथे कुणी आहे का रे तुझं?"

"नाही, आई."

"म्हणजे इतकी वर्षं एकटाच होतास?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.