थारोळ्याच्या भिंतीतली चिरक

वरच्या अंगाला बोरी, हिवर, पळस आणि नुसते दगडधोंडे. खाली विहीर आणि आमचा मिरचीचा मळा. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. मी लग्न होऊन नुकतीच त्या घरात आले होते. बडबडायची खोड जन्माची, आणि सासरी तोंडाला कुलूप. नुसता जीव घुसमटायचा.

मळ्यात सोबत होती ती चिरकांच्या जोडीची. नर काळाकुळकुळीत, खांद्यावर पांढरा पट्टा, शेपटी कायम वर, मादी मातकट. दाट झाडीत हा पक्षी रमत नाही, त्याला असंच उघडं, काटेरी, खडकाळ रान लागतं. ऊन तापू लागलं की नर दगडावर चढून गायचा आणि दुसरा नर दिसला की छाती काढून अंगावर धावायचा. तोरा तर असा, जणू सातबारा याच्याच नावावर! घर बांधायचं काम मात्र मादीचं. गवताच्या काड्या, बैलांचे केस ती थारोळ्याच्या, म्हणजे मोट रिती होते त्या कुंडाच्या, दगडी भिंतीतल्या भोकात नेत होती. एकदा तिच्या चोचीत सापाची कात दिसली, चांगली वीतभर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तीही तिने घरट्यातच नेली. पुढे ती अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली आणि दोघंही किडे घेऊन ये-जा करू लागली.

साप हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे, जनावर म्हणत. माझ्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात याच मळ्यात गवताचा भारा उचलताना थोरल्या जावेला पान लागलं, म्हणजे जनावर चावलं, आणि घरी आणेपर्यंत ती संपली होती. तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, त्यानंतर रडले नाहीत की कोणाशी धड बोलले नाहीत. कुऱ्हाड घेऊन धुरे, म्हणजे शेताचे बांध, आणि बिळं धुंडाळत फिरायचे. ते जनावर मारायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्या दिवशी माझा नवरा धाड गावच्या बाजाराला गेला होता. मी मिरचीतलं तण निंदत होते. मोट हाकता हाकता भासऱ्यांना भोकातून लोंबणारी कात दिसली. त्यांनी मोट थांबवली, बैल सोडून बाजूला बांधले, मडक्यात निखारे आणले आणि वाळल्या मिरच्या मुठीत घेतल्या. मिरचीची धुरी द्यायची आणि जनावर बाहेर आलं की कुऱ्हाड घालायची. पण आत पिल्लं होती! ती गुदमरून मरणार होती.

सांगायचं कसं? भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही रीत. मध्ये निरोप सांगायलाही कोणी नव्हतं. चिरकांची जोडी शेपट्या आपटत किर्र किर्र ओरडत होती, आणि त्यामुळे तर भासऱ्यांची खात्रीच पटली होती. खरं सांगते, माझाही धीर सुटला. सकाळपासून त्या दोघांना आत जाताना मी पाहिलं नव्हतं. खरंच काही आत शिरलं असेल तर?

मी पदर ओढून बैलाजवळ गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "सांग रे बाबा त्यायले. ते घर चिरकाचं हाये. कात तिनंच आनली, म्या पाह्यली. आत पिल्लं हायेत."

भासऱ्यांची मूठ मडक्यावर तशीच राहिली. माझ्याकडे न पाहता तेही बैलालाच म्हणाले, "अन् जनावर असन तं?"

त्यांनी मिरच्या खाली टाकल्या, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि कोपरापर्यंत हात भोकात घातला. या घरातलं दुसरं मरण माझ्या जिभेमुळे होणार, मेली ही जीभ झडली का नाही, असं झालं. मादी त्यांच्या डोक्यावर झेपावत होती. हात आतच होता.

मग तो हळूहळू बाहेर आला. तळव्यावर एक पिल्लू होतं, पिवळी चोच उघडून अन्न मागणारं. भासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते जपून परत आत ठेवलं, आणि रीत मोडून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"जनावर नाही, बाई," ते म्हणाले. "मंग मी आता कोनाले मारू?"