काय-चुकलं मामांची खानावळ

हात धुऊन निघालेल्या माणसाला मामा दारातच अडवायचे. "काय चुकलं?" जेवण कसं होतं, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. त्यामुळे बजाजनगरात त्यांच्या खानावळीला पाटीवरच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. "कुठं जेवलास?" "काय-चुकलं मामाकडं." एवढ्यात पत्ता कळायचा.

वाळूजच्या एका कंपनीत मामांची हयात तपासणीच्या टेबलावर गेली. सुटा भाग हातात घ्यायचा, फिरवायचा, खोट दिसली तर लाल खूण करून बाजूला. नसली तर काही न बोलता पुढं. कंपनीनं तो विभागच बंद केला, माणसं घरी पाठवली. तेव्हा हातात आलेलं सगळं मामांनी खानावळीत घातलं. मामी भाकरी थापायच्या, मामा वाढायचे आणि आता स्वतःचीच खोट शोधायचे. "चूक सांगणारा आपला असतो," म्हणायचे, "गोड बोलून गेलेला परत येत नाय."

कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटत मी त्याच गल्ल्यांतून फिरायची आणि तिथंच जेवायची. मामांनी माझं पत्रकही तपासणीला घेतलं. "पोरी, मथळ्यापुढं तीन उद्गारचिन्हं कशाला? ओरडायचं तर एकात भागतं. आन् सभा कुठंय, ते लिहिलंच नाय." खरंच लिहिलं नव्हतं.

कंत्राटी कामगार एका जागी टिकत नाही. टिकू दिला जात नाही, असं म्हणा. ठरावीक महिने भरले की ब्रेक म्हणून कामावरून काढतात, आणि पोरगा गावाकडं. मामांचं जुनं गिऱ्हाईक असं झिजत गेलं. नवा पोरगा बसमधून उतरला की कोणाला विचारत नाही, मोबाइलवर खानावळ शोधतो आणि जिथं जास्त स्टार तिकडं वळतो. मामांच्या नावापुढं एकही नव्हता. हे कळल्यावर त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला: 'मोबाइलवर रिव्ह्यू द्या. चूक लपवू नका.'

पोरांनी दिले. इमानानं दिले. सगळी कंपनीतल्या कुठल्या ना कुठल्या लाइनवर माल तपासणारी. लिहायची ती खोट, हे त्यांच्या हातात बसलेलं. 'भाकरी एका बाजूनं जाड.' दोन स्टार. 'पंखा लई आवाज करतो.' दोन. 'ठेचा सपक.' एक. आणि हा एक देणारा गणेश दोन्ही वेळा तिथंच जेवत होता.

मी त्याला झापलं. "अरे, एक स्टार? मामाचं वाटोळं करायलास का?"

"ताई, ठेचा सपकच होता. ओके मालावर कोण शेरा लिहितं?"

माझ्या कटकटीला कंटाळून त्यानं एकाचे पाच केले. मामांना कळलं, तर ते त्याच्यावरच भडकले.

"ठेचा सपक होता का नव्हता?"

"होता, मामा."

"मग? मी खराब माल पास करू?"

गणेशनं मुकाट्यानं पुन्हा एक केला.

मग रिव्ह्यू विकणारा आला. "काका, पाहिजे तेवढे लावून देतो. सगळे पाच स्टार."

"व्हय? मग ती मंडळी जेवायला कवा येतील?"

"येणार नाहीत. नुसतं लिहितील."

"जेवल्याबिगर?" मामांनी मामींना बाहेर बोलावलं आणि त्याला ते परत सांगायला लावलं. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

समोरचा हॉटेलवाला हसला नाही. त्यानं विकत घेतले. उन्हाळा सरायच्या आत नवी पोरं त्याच्या दारात रांग लावायला लागली आणि मामींची परात रिकामी व्हायची थांबली. न जेवलेल्यांची साक्ष खरी ठरली आणि रोज जेवणाऱ्यांची माया मात्र खानावळीच्या मुळावर उठली! मामांच्या शब्दाखातर मी इथं एकच उद्गारचिन्ह दिलं आहे.

खानावळीच्या शेवटच्या दिवशी मामांनी आम्हाला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मामी सोयगावला भावाकडं जाणार होत्या आणि मामा एका गोदामाच्या फाटकावर, वॉचमन म्हणून. जेवणं झाली. मामा नेहमीसारखे दारात उभे राहिले. "काय चुकलं?"

सगळ्यांत पुढं गणेश होता. तो ओले हात पँटला पुसत राहिला. "काहीच नाय, मामा. काहीच चुकलं नाय."

मागच्यांनीही माना हलवल्या. मामांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं. आळीपाळीनं ते आमच्या तोंडाकडं बघत राहिले.

"मग बंद कशानं पडली?"

त्यावर पत्रक लिहायला मी कितीदा तरी बसले. मथळा सुचतो, मजकूर सुचतो, राग तर तयारच असतो. सभेची जागा तेवढी मोकळी राहते. कंपनीला गेट असतं, तिथं जाऊन ओरडता येतं. हे घेऊन कोणाच्या गेटवर जायचं, ते मला अजून कळलेलं नाही.