पॅडचा लोखंडी चिमटा

सुरतेत दगड नाही. जिथे खणाल तिथे तापीचा गाळ. दगडांमागे जन्म घालवलेल्या बाईने अशा गावात पस्तीस वर्षं राहावं, ही गंमतच म्हणायची. यजमानांची बँकेतली बदली इथे झाली, मला कॉलेजात भूविज्ञान शिकवायला मिळालं, आणि आम्ही राहिलो ते राहिलोच. दगड बघायला मी दर हिवाळ्यात खानदेशात जायचे. एकटी.

तिथे जमिनीतून काळ्या भिंती उभ्या वर आलेल्या असतात. खालचा लाव्हारस भेगांमध्ये थिजून झालेल्या. आम्ही त्यांना डाइक म्हणतो. कुठली भिंत कुठल्या दिशेने जाते, एवढंच मी वर्षानुवर्षं मोजत होते. त्यातून एक लेख झाला. नदीजवळच्या एका पट्ट्यात या भिंती वळतात, असं मी त्यात मांडलं. माझं बाकीचं लिखाण कुणी वाचत नाही, पण त्या वळणाचा उल्लेख अजून होतो. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली. घरात मला नावाने हाक मारणारं आता कुणी नाही. कुणाच्या तरी लेखाखाली, बारीक अक्षरात का होईना, ते नाव दिसलं की बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा मेल आला. ‘मॅडम, त्या पट्ट्यातल्या तुमच्या अकरा भिंती मी पुन्हा मोजल्या. तुमचे आकडे सगळे एकाच बाजूला सरकलेले वाटतात. मला वळण सापडत नाही. माझंच काही चुकतंय का?’

माझं डोकंच फिरलं. कालची पोर मला होकायंत्र शिकवायला निघाली! अहो, कॉलेजच्या सहलीत मी मुलींना हातोडा वीस पावलं लांब ठेवायला लावायचे. जवळ लोखंड असलं की सुई त्याच्याकडे ओढली जाते, म्हणून ओढणीच्या पिनासुद्धा काढायला लावायचे. त्या मला पाठीमागे काय म्हणायच्या ते मला माहीत आहे. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून वह्यांचं खोकं काढलं.

त्या पट्ट्याची वही उघडली, आणि अक्षर माझं नव्हतं. यजमानांचं होतं, बँकेतलं, गोल गोल.

त्या एका वर्षी ते रजा काढून माझ्याबरोबर आले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मला नुसतं बसवून ठेवू नकोस. काहीतरी काम दे.” मग मी आकडा सांगायचा आणि त्यांनी लिहायचा. दुपारी एखाद्या बाभळीखाली भाकरी खायची. त्यांना दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी प्रत्येक भिंतीला हात लावून बघायचे. माझ्यासाठी त्यांनी सुरतेहून एक पॅड घेतलं होतं, मुलं परीक्षेला नेतात तसं. म्हणाले, “तुझी वही फार लिबलिबीत आहे गं.”

आणि तसं होतंच. भिंतीची बाजू खडबडीत असते, म्हणून तिच्यावर आधी वही टेकवायची आणि वहीला लावून होकायंत्र धरायचं, ही माझी रीत. त्या वर्षी वहीऐवजी मी ते पॅड टेकवत होते. सगळ्या भिंतींवर, तसंच धरून.

पॅड त्याच खोक्यात होतं. त्याला वर जाड लोखंडी चिमटा. जेवणाच्या टेबलावर होकायंत्र ठेवलं आणि पॅड हळूच जवळ सरकवलं. सुई वळली. लांब नेलं, परत जागेवर आली. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. शेजारच्या बेन डबा परत द्यायला आल्या, तेव्हा दुपार टळून गेली होती.

पिनांवरून पोरींना रडवणाऱ्या मला एवढा मोठा चिमटा दिसू नये? दिसला नाही, कारण मी खूश होते. दुसरं कारण नाही. माझं ते प्रसिद्ध वळण म्हणजे हे.

पॅडचं आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. गप्प बसले असते तर ती पोर बिचारी स्वतःलाच दोष देत पुन्हा मोजायला गेली असती, आणि माझं नाव राहिलं असतं. हा विचार मनात आला नाही असं नाही. चांगला संध्याकाळपर्यंत होता.

मग उत्तर लिहिलं. ‘तुझं काही चुकलेलं नाही. त्या हिवाळ्यात होकायंत्राजवळ लोखंड होतं आणि माझं लक्ष नव्हतं. ती वही पूर्ण वगळ. वळण नाही, असंच लिही. बाकीच्या वर्षांचे आकडे बरोबर आहेत. ते मी एकटीने घेतले होते.’