चार लाल पिंपं

स्क्रीनवर काहीही दाखवलं की बाई क्षणभर बघायच्या आणि लगेच ती तळहाताने झाकायच्या. "आता सांग, काय दिसलं?" आम्ही अडखळलो की म्हणायच्या, "वाचणारा दमलेला असणार, असं धरून चाला रे."

डोंबिवलीशेजारी कोपरला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दर रविवारी तिथे बाई धरून आम्ही पाच जण जमायचो. लहान कारखान्यांना मालाची नोंद ठेवता यावी म्हणून एक प्रोग्राम मिळून लिहीत होतो. तो फुकट द्यायचा आणि त्यातली ओळन्‌ओळ कुणालाही उघडून वाचता, बदलता यावी, ही कल्पना बाईंचीच. प्रत्येकाने एकेक भाग घेतला होता. माझ्याकडे गोदामाची यादी होती, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडे प्रयोगशाळेची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, कुलूप लावल्यावर जिना उतरून पुन्हा वर जाणारं. बाई तशा होत्या. प्रत्येक फ्लॉपीच्या तीन प्रती काढून तीन वेगळ्या घरांत ठेवायच्या.

"बाई, एक प्रत ठाण्याच्या कोर्टात ठेवू या का?" मी एकदा म्हणालो.

"घेतील का रे ते?" त्यांनी मनापासून विचारलं.

त्यांचं मागणं एकच होतं. आधी सगळ्यांनी बसून नियम ठरवायचे. कोणती कळ कशासाठी, कोणता रंग कशासाठी. आणि नुसत्या रंगावर काहीही सोडायचं नाही, शेजारी शब्द हवाच. चार रविवार त्यात गेले. पाचव्या रविवारी मी वैतागलो. म्हटलं, "बाई, रंगांवर भांडत बसलो तर प्रोग्राम कधी देणार? जो तो आपलं बघेल. नंतर बदलता येतंच की." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "मला भीती वाटते रे." आणि नियमांचा कागद घडी करून ठेवला.

डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका छोट्या रसायनांच्या कारखान्याला आम्ही पहिली प्रत दिली. आठवडाभराने दुपारी क्लासमध्ये फोन वाजला. मी तिथेच होतो. कारखान्याचा स्टोअरकीपर बोलत होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला मोठ्या आवाजाचा माणूस, पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं.

"बाय, तुमचा प्रोग्राम एकदम झक्कास! चार पिंपं लाल दाखवली, भंगारवाल्याला दिली. आता कापतोय तो."

"कुठल्या यादीत लाल?" बाईंनी विचारलं.

"ती लॅबची." मागे हातोडा आपटल्याचा आवाज आला आणि फोन कटला. पुन्हा लावला तर एंगेज.

माझ्या यादीत लाल म्हणजे धुतलेलं, रिकामं, भंगारात द्यायचं पिंप. प्रयोगशाळेच्या यादीत लाल म्हणजे न धुतलेलं, हात न लावायचं. दोन्ही याद्या दिसायला अगदी सारख्या होत्या. तळाशी राहिलेल्या रसायनाची वाफ बंद पिंपात भरून असते. त्यावर गॅसकटर लावला तर काय होईल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही पूर्वेला आलो, रिक्षा पकडली. प्रत्येक वळणावर मी धूर दिसतोय का ते बघत होतो. सिग्नलला रिक्षावाल्याने विडी पेटवली तेव्हा बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

कारखान्याच्या फाटकातून बाई धावत सुटल्या. कापणारा माणूस उकिडवा बसून एक जुना पत्रा कापत होता. पिंपं शेजारी रांगेत उभी होती. बाई ज्योत आणि पिंपं यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"विझवा! आधी ते विझवा!"

"ओ बाई, साडी पेटंल! मरायचंय का?" तो ओरडला. पण त्याने कटर बंद केला.

स्टोअरकीपरने एका पिंपाचं झाकण सैल केलं, वास घेतला आणि ते झटकन परत आवळलं. "पत्रा संपला की हेच घेणार होता गो बाय," एवढंच तो म्हणाला. बाईंनी भिंतीला धरून उलटी केली.

पुढच्या रविवारी बाईंनी नियमांची फाईल तयार करून आणली. प्रत्येक नियमाखाली सुचवणाऱ्याचं नाव. कुणी काही बदललं तर खाली कारण लिहायचं. मित्राने विचारलं, "बाई, एकदम घाई का?" त्या म्हणाल्या, "एका यादीत गोंधळ होत होता. वेळेत कळलं." आता त्या माझ्याकडे बघतील या धास्तीने मी मान वर केली नाही. त्यांनी बघितलंच नाही.

घरी जाऊन फाईल उघडली. पहिला नियम: रंगाशेजारी शब्द हवाच. त्याखाली माझं नाव होतं.

असं का केलं, ते मी बाईंना कधी विचारलं नाही. मित्रांनी त्या नियमाबद्दल माझं कौतुक केलं, तेही ऐकून घेतलं. तीन वर्षांनी बाई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. अजून कुठे लाल रंग दिसला की मी आधी शेजारी शब्द शोधतो.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी ती फाईल उघडली. माझं नाव काढलं, बाईंचं घातलं. कारणाच्या जागी लिहिलं: 'हा नियम बाईंचा. मी तो अडवला होता. कारखान्यात चार पिंपं न धुतलेली होती आणि कटर पेटलेला होता.'

तीन फ्लॉप्या केल्या. पहिली प्रयोगशाळेवाल्या मित्राकडे घेऊन गेलो. बेल वाजवली. आत चपलांचा आवाज जवळ येत होता.