बाईंनी राखलेला आवाज

"शेवटच्या पोरीले ऐकू आलं काय?" दर दोन वाक्यांनंतर बाई हे विचारायच्या. वर्गात तर विचारायच्याच, पण हळदीकुंकवाच्या बैठकीतही.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. नवं राज्य झालं त्या सुमारास बाई मुलींच्या शाळेवर आल्या. मी मुलांच्या शाळेत मास्तर, आणि त्यांची खोली आमच्या घराला लागून. मुलींची शाळा सातवीला संपायची. पुढे संग्रामपूर, आणि तिकडे मुलीला कोण धाडणार? बाईंनी सरपंचांच्या मागे लागून पंचायतीची मोकळी जागा नव्या वर्गांसाठी कबूल करून घेतली. सरपंचांना त्या भाऊ म्हणत, राखी बांधत.

मंत्री येणार ठरलं. वर्गांची मागणी बाईंनीच मांडायची होती. नेमका तेव्हा त्यांना ताप आला, घसा बसला. सरपंचांनी स्वतः ज्येष्ठमध आणून दिलं.

"बाई, आता एक शब्द बोलू नका. सभेत तुमालेच बोलाचं आहे."

बाईंनी ते मनावर घेतलं. गळ्याला मफलर, मिठाच्या गुळण्या, दूधवाल्याशी बोटांनी भाव. गंमत म्हणजे वर्गातल्या पोरीही कुजबुजत बोलू लागल्या, जणू मोठ्यानं बोललं तर बाईंचा घसा दुखेल.

सभेच्या आदल्या संध्याकाळी पंचायत बसली. शाळेच्या वतीनं बाईंना बोलावलं होतं, मी सोबत गेलो. सरपंचांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की ती जागा आपल्या मेव्हण्याच्या कापसाच्या जिनिंगला द्यायची आहे. बाई ताडकन उठल्या.

"बसा बाई," सरपंच मायेनं म्हणाले. "गळा सांभाळा. उद्यासाठी ठेवा."

भाऊ शाळेचं पुढे काहीतरी बोलतील, या भरवशावर बाई बसल्या. मी उठलो, तर मला सांगितलं, "मास्तर, तुमी सभासद नाही." मग सरपंच म्हणाले, "बाईचीही हरकत दिसत नाही." ठराव झाला.

घरी येताना बाई घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "मास्तर, भाऊनं मले गप्प बसवलं."

सभेत त्यांच्या नावापुढे फक्त आभार ठेवले होते. बाई उभ्या राहिल्या. आवाज चिरका होता, पण पार मागच्या पिंपळापर्यंत पोचला.

"साहेब, मुलींच्या शाळेची जागा काल जिनिंगला गेली. मी गप्प बसले. तुमच्यासमोर बोलायला आवाज राखा, असं मला माझ्या भावानंच सांगितलं होतं. आता आभार कोणाचे मानू?"

मंत्र्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच हळूच म्हणाले, "बाईच्या अंगात ताप आहे साहेब." मंत्र्यांनी मान हलवली, बाईंना विश्रांती घ्यायला सांगितलं आणि गाडीत बसले.

दिवाळीनंतर बाईंनी बदली मागून घेतली. नांदुऱ्याच्या बसपाशी सरपंच नारळ घेऊन आले. "राग धरू नका बाई, मी काई परका आहो काय?"

"परका असता तर मी बसली नसती," बाई म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.

त्या वर्षी सातवी झालेल्या बहुतेक मुलींची लग्नं उन्हाळ्यातच उरकली. माझी धाकटी बहीण त्यांत होती.